'माझी' हा एक शब्द

विला कॅथरची 'माय आंतोनिया' ही १९१८ सालची कादंबरी मी प्रथम वाचली ती अधाशासारखी. नेब्रास्काचा तो अफाट माळ, तांबडे गवत, वारा, सारे भराभर उलटले. मला कथानक हवे होते, आणि कथानक म्हणावे असे या कादंबरीत फारसे नाहीच!

दुसऱ्या वाचनात मात्र एका थडग्यापाशी थबकलो. आंतोनियाचे वडील बोहेमियातून आलेले. मायदेशी व्हायोलिन वाजविणारा हा हळवा माणूस जमिनीत खणलेल्या घरातला पहिला हिवाळाही काढू शकत नाही, आत्महत्या करतो. दफनभूमीत त्याला जागा नाही, म्हणून शेताच्या कोपऱ्यावरच पुरतात. पुढे तेथे रस्ते होतात, पण ते थडगे तुडवीत नाहीत, किंचित वळसा घेतात. सारा माळ नांगराखाली गेला तरी त्या चतकोर जागेत जुने गवत उंच उभे. कॅथरने हे किती थोडक्यात सांगितले आहे!

वडिलांमागे आंतोनिया शेतात राबू लागते. जिम शाळेचे विचारतो तेव्हा, आपण आता पुरुषासारखे काम करतो, असे ती ताठ्याने सांगते. आणि क्षणात तोंड फिरवून रडते. शाळेत शिकशील त्यातले काही मलाही सांगत जा, म्हणते.

जिम शिकतो, हार्वर्डला जातो, रेल्वेचा वकील होतो. मधल्या काळात फसविली गेलेली आंतोनिया गरोदरपणी माहेरी परतते, पुन्हा शेतात राबते. परत येईन, असे वचन जिम देतो, ते पाळायला त्याला वीस वर्षे लागतात. ती थकलेली, मोडलेली दिसेल याची त्याला भीती! प्रत्यक्षात ती दात पडलेली, पण मुलाबाळांनी वेढलेली, फळबागेची धनीण. आणि हाच जिम आठवणी लिहून झाल्यावर वर प्रथम 'आंतोनिया' लिहितो, मग त्यामागे 'माझी' जोडतो.

कोणत्या हक्काने? मला त्याचा राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. सातवीपर्यंत माझ्या वर्गात असलेली, गणितात माझ्या पुढे असलेली गावची एक मुलगी आठवली. आई वारल्यावर तिची शाळा सुटली. तिच्यावर मी प्रथम वर्षाला लघुनिबंध लिहिला होता. शीर्षकात 'आमची' असा शब्द होता. सरांनी तो वर्गात वाचून दाखविला. तिच्या घरी मात्र मी अद्याप गेलेलो नाही.