हवेतून काढलेले नाणे

नाण्यांच्या हातचलाखीविषयी सर्वांत रुजलेला समज असा, की जादूगाराचा हात प्रेक्षकाच्या नजरेपेक्षा चपळ असतो; प्रत्यक्षात घाईची हालचालच संशय जागवते, म्हणून मुरलेला जादूगार ऐन मोक्याच्या क्षणी हात संथ ठेवतो.

टी. नेल्सन डाउन्स हा अमेरिकन जादूगार 1899 मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये ‘कंजूषाचे स्वप्न’ या नावाने ओळखला जाणारा खेळ करीत असे. त्यात उजवा हात हवेतून एकामागून एक नाणी पकडतो, ती उलट्या धरलेल्या टोपीत टाकतो आणि दर वेळी खणखणाट होतो. उजव्या हातातले नाणे मात्र टोपीत पडतच नाही. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा आणि त्यासमोरचा करंगळीकडचा उंचवटा यांच्यामध्ये ते अडकवून ठेवलेले असते. या पकडीला ‘पाम’ म्हणतात आणि कडेवर दाते असलेले नाणे तिच्यात अधिक घट्ट बसते. आवाज होतो तो टोपीची कड धरलेल्या डाव्या हाताच्या बोटांआडून सोडलेल्या दुसऱ्याच नाण्याचा. डोळ्यांना न दिसलेल्या गोष्टीची ग्वाही अशा रीतीने कान देतात, आणि या खेळाचे खरे सौंदर्य बोटांच्या कसबापेक्षा या ग्वाहीतच आहे.

नाणे नाहीसे करण्यात नजरेचे काम तितकेच मोठे असते. गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जादूगाराने चेंडू हातातच ठेवून वर फेकल्याचा आविर्भाव केला. त्याची नजर वर गेली तेव्हा अनेकांना चेंडू वर जाताना ‘दिसला’, नजर हातावरच राहिली तेव्हा हा भास पुष्कळच कमी झाला. नाण्यांच्या खेळातही रिकाम्या मुठीकडे जादूगाराने स्वतः विश्वासाने पाहावे लागते, कारण पाहणारे त्याच्या डोळ्यांमागे जातात. यासाठी साधकाने आधी नाणे खरोखर डाव्या मुठीत ठेवून पाहावे, त्या वेळी मनगट किती वळते, बोटे कोणत्या क्रमाने मिटतात, नाणे दिल्यावर उजवा हात कसा सैल पडतो हे आरशात न्याहाळावे, आणि मगच तीच कृती नाणे न देता करावी. नवशिक्यांची मूठ बहुधा नको तितकी आवळली जाते, आणि नाणे लपवलेला उजवा हात ताठरतो. जाणकार प्रेक्षकाला तेवढी खूण पुरते.