पाय दिसले पाहिजेत

हिंदी सिनेमा मी गाण्यांसाठी निवडते, आणि त्यातही नाच असेल तर नाचासाठी. जाणकार मंडळी हसतात. हसू देत. 14 मार्च 1931 ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, तेव्हा त्या पहिल्याच बोलपटात सात गाणी होती. पुढच्या वर्षीच्या ‘इंद्रसभा’त तर सत्तरच्या आसपास. या धंद्यानं आपलं गिऱ्हाईक पहिल्यापासून ओळखलं होतं, आणि मी त्याच जातीचं गिऱ्हाईक आहे.

खोड लागली ती आत्यामुळे. कोल्हापुरात तेव्हा मॅटिनीला जुने सिनेमे लागायचे, तिकीटही कमी असायचं. पोस्टरसमोर उभं राहून बाबा नट कोण ते बघायचे, आत्या मात्र विचारायची, “संगीत कुणाचं? आणि नाचायला कोण आहे?” हेलन किंवा वैजयंतीमालाचं नाव निघालं की पर्स उघडायची. थिएटरबाहेर गाण्यांची चोपडी विकायला असत, पातळ कागदाची, शाई बोटांना लागणारी. त्यात सुरुवातीला गोष्ट थोडक्यात छापलेली असे आणि ऐन रंगात आल्यावर ‘पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा’ म्हणून सोडून दिलेली. आत्या म्हणायची, “एवढी गोष्ट पुष्कळ झाली. आता गाण्यांकडे लक्ष दे.”

‘नवरंग’ मी असाच मॅटिनीला पाहिला. शांतारामबापूंचा 1959 चा सिनेमा. कवी, त्याची बायको, त्याची कल्पनेतली मोहिनी हे सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. होळीचा नाच तेवढा आत जाऊन बसला. संध्या एका अंगानं बाई आणि दुसऱ्या अंगानं पुरुष! डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा, कपडे तसेच पुढून एक, मागून एक. नुसतं वळलं की राधेचा कृष्ण. पाठमोरं असूनही पुढून नाचतोय असं दाखवायचं म्हणजे कोपर, मनगट, मान सगळं उलटं चालवायचं. घरी येऊन चुलतभावानं आणि मी बाबांचा सदरा उलटा घालून ते करून पाहिलं, तेव्हा कुठे त्यातली मेहनत कळली.

पुढे ‘ज्युएल थीफ’ पाहिला आणि नाच बघायची माझी स्वतःची कसोटी तयार झाली. 1967 चा विजय आनंदचा सिनेमा, शेवटाकडे वैजयंतीमालाचा तो प्रसिद्ध नाच, बसवलेला सोहनलाल मास्टरांनी. हिंदी सिनेमात गाणं आधी रेकॉर्ड होतं आणि सेटवर ते वाजवून त्यावर तुकड्यातुकड्यानं नाच घेतला जातो. साहजिकच नाचता न येणाऱ्यालाही यात सांभाळून घेता येतं. दोन ओळी चेहऱ्यावर, एक ओळ ओढणीवर, मग झाडं, मग पुन्हा चेहरा. इथे तसं नाही. कॅमेरा तिच्यामागे फिरत राहतो, तुकडे लांबच लांब आहेत आणि बाई बहुतेक वेळ डोक्यापासून पायापर्यंत समोर आहे. लपायला जागाच नाही. तेव्हापासून माझा हट्ट: पाय दिसले पाहिजेत.

या कसोटीला भगवानदादाही उतरतात, हे सांगितलं की लोक चक्रावतात. गिरणी कामगाराचा मुलगा, अंगानं गोल, शास्त्रीय शिक्षणाचा पत्ता नाही. ‘अलबेला’त (1951) त्यांचे पाय फारसे उचलले जातच नाहीत, जमिनीवरून जरासे सरकतात, वरून खांदे ठेका धरतात आणि एक हात हवेत. पण जे आहे ते सगळं उघड्यावर आहे. म्हणून तर गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत कुणाचंही शरीर आपोआप तेच करतं. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या चितळकरांचं. आणि त्यांच्या हाताखाली ट्रम्पेटवर गोव्याच्या आल्डोन्याचा चिक चॉकलेट. तो आपल्या बॅण्डसकट पडद्यावरही येऊन गेला आहे.

‘तेजाब’च्या वेळी (1988) मी नोकरीला लागले होते आणि स्वतःच्या पैशानं पुढच्या रांगेत बसत होते. माधुरीचं ते गाणं सुरू झालं आणि मागून चिल्लर यायला लागली. निम्मी पडद्यापर्यंत पोचत होती, निम्मी आमच्या डोक्यावर. लोक गाणं संपल्यावर उठून निघून गेले, चक्क सिनेमा टाकून! मी त्यांना दोष देणार नाही. नृत्यदिग्दर्शनासाठी फिल्मफेअरचं पारितोषिक त्याच सिनेमापासून सुरू झालं आणि पहिलं सरोज खान यांना मिळालं. त्या आधी सोहनलाल मास्टरांच्या सहायक होत्या, आणि त्याही आधी नायिकेच्या मागे नाचणाऱ्या ग्रुपमधल्या एक.

हे वाचल्यापासून माझी नजर नायिकेवरून मागच्या रांगेवर घसरली, ती आजतागायत. ‘गुमनाम’च्या (1965) सुरुवातीचा क्लबमधला नाच घ्या. सगळ्यांच्या डोळ्यांवर मुखवटे, मध्ये लक्ष्मी छाया मानेला असे झटके देते की आपलीच मान दुखावी. आवाज रफीचा, पडद्यावर तो गाणारा बुवा म्हणजे हर्मन बेंजामिन, खुद्द नाच बसवणारा. ‘घोस्ट वर्ल्ड’ (2001) या अमेरिकन सिनेमाची सुरुवातच या नाचानं होते. मी मात्र मागची जोडपी बघते. त्या काळच्या क्लबच्या नाचांत मुंबईतली अँग्लो-इंडियन मुलंमुली असायची, आणि तीच तोंडं वेगळ्या विगांत पुढच्या सिनेमात हटकून भेटतात. एखादी नायिकेपेक्षा अर्धी मात्रा आधी वळते, हिशेबात चोख.

व्हिडिओ कॅसेट आली आणि रिवाइंडची सोय झाली, तेव्हा घरच्यांचे हाल झाले. आता मोबाइलवर तर विचारायलाच नको. मुलगी म्हणते, “आई, गोष्ट पुढे जाऊ दे ना!” तिच्या आवडत्या सिनेमांत गाणं मागे कुठेतरी वाजतं आणि नायक गाडीच्या काचेतून पाऊस बघतो. हे मला अजिबात मान्य नाही. पाऊस मला घरच्या खिडकीतून फुकट दिसतो. आणि जिथे नाच असतो तिथे तो अडीच सेकंदांच्या तुकड्यांत चिरलेला. पाय दिसेपर्यंत कंबर, कंबर दिसेपर्यंत ड्रोनवरून डोंगर.

तरी मी जाते. हल्ली काही सिनेमांत शेवटच्या पाट्यांमध्ये ग्रुप डान्सरची नावंही येतात, बारीक अक्षरांत, भराभर वर सरकणारी. दिवे लागतात, झाडूवाले आत येतात, मुलगी पार्किंगमधून फोन करते. मी म्हणते, थांब गं, अजून ‘एम’पर्यंतच आलेय.