रिकाम्या फोर्कलिफ्टचा तोल

फोर्कलिफ्ट चार चाकांवर उभी दिसत असली, तरी तिचा आधार त्रिकोणीच असतो. कारण वळणाऱ्या मागील चाकांचा आस गाडीच्या सांगाड्याला मधोमध एकाच खिळीवर जोडलेला असतो, आणि पुढील दोन चाके व ही खीळ यांनी बनणाऱ्या ‘स्थैर्यत्रिकोणा’त गाडी व माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य राहील, तोवरच गाडी तोल सांभाळते. भिवंडीच्या एका गोदामात ही गाडी चालवताना प्रस्तुत लेखकाला हे तत्त्व पुस्तकाआधी स्टिअरिंगनेच शिकवले.

त्या गाडीच्या पाटीवर २५०० किलो क्षमता आणि ५०० मिमी भारकेंद्र नोंदलेले होते. भारकेंद्र म्हणजे फोर्कच्या उभ्या बाजूपासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे आडवे अंतर. हे अंतर ७०० मिमी झाले, की सावध हिशेबाने सुमारे १७८५ किलोच उचलता येतात. पंपाच्या एका लांब पेटीचे वजन पाटीवरील आकड्याहून कमी असूनही, ती अरुंद बाजूने वीतभर उचलताच स्टिअरिंग एकदम हलके झाले. मागील चाकांवरचा भार सुटत असल्याची ती खूण होती. पेटी खाली टेकवून लांब बाजूने उचलल्यावर भारकेंद्र जवळ आले आणि स्टिअरिंगला पुन्हा जडपणा आला.

मात्र माल उतरवून परतताना, आता धोका टळला या समजुतीने, बहुतेक चालक गाडी दामटत असत. वास्तविक रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य मागील काउंटरवेटमुळे, म्हणजे तोल राखणाऱ्या लोखंडी वजनामुळे, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो, आणि वेगात वळताना तो बाजूची रेषा सहज ओलांडतो. उलट खाली धरलेला माल त्याला रुंद पायाकडे ओढून धरतो. म्हणून फोर्क जमिनीपासून १५ ते २० सेंमीवर ठेवून मास्ट, म्हणजे फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा, मागे कलता ठेवावा, रॅम्पवर माल चढाच्या बाजूला आणि रिकामे फोर्क उताराच्या बाजूला असावेत, रॅम्पवर वळू नये, तसेच गाडी कलंडू लागल्यास उडी न मारता पट्ट्यासह आसनातच घट्ट बसून राहावे, हे नियम पाळले जातात. गोदामात वेगमर्यादेचा फलक भरलेल्या गाडीसाठी आहे असेच मानले जाई. प्रत्यक्षात त्याची अधिक गरज परतीच्या रिकाम्या फेरीला होती.