पाऊण सूत

मॉरिस मायनरच्या पुस्तकात पुढच्या चाकांचा टो-इन दिलाय ३/३२ इंच. मिस्त्रीच्या हिशेबात पाऊण सूत. चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मागच्या कडांपेक्षा तेवढं कमी ठेवायचं. ही गाडी मागच्या चाकांवर चालते. पुढची चाकं रस्त्याला अडत बाहेर फाकू पाहतात. उभी असताना किंचित आत वळलेली असतील, तर धावताना सरळ होतात.

कॉम्प्युटरच्या मशीनवर कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाचा, आकडा लाल दिसला की पोरं तो फिरवायचा बोल्ट शोधत बसतात. इथे तो नाहीच. कॅम्बर आणि कास्टर काउलीच्या कारखान्यातून आले तसे. आपल्या हातात फक्त टाय-रॉड. त्यामुळे कॅम्बर बिघडला की मी सरळ झीज शोधायला लागतो. बुश संपलाय, टॉर्शन बार बसलाय, नाहीतर ट्रनियन गेलाय.

ट्रनियनची मला धास्तीच आहे. किंगपिनच्या दोन्ही टोकांना आटे असतात आणि ते ट्रनियनमध्ये फिरतात. प्रत्येक वळणावर थोडे उघडतात, थोडे आवळतात. ग्रीस द्यायचं राहिलं की आटे झिजतात आणि एके दिवशी चाक मडगार्डखाली चक्क आडवं पडतं. म्हणून गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवून पाहिल्याशिवाय मी टाय-रॉडला पाना लावत नाही. मालकाला वाटतं, हा वेळ काढतोय. वाटू दे.

मग मोजणी. जॅकवरून उतरवलेली गाडी आधी पुढेमागे ढकलायची, नाहीतर चाकं आखडलेलीच राहतात. दोन्ही टायरांवर पुढून, आसाच्या उंचीला खडूची खूण करून मधलं अंतर घ्यायचं. गाडी ढकलून त्याच खुणा मागे आणायच्या आणि पुन्हा मोजायचं. खूण तीच असल्यामुळे रिम वाकडी असली तरी फसगत होत नाही. फरक दोन्ही टाय-रॉडवर सारखा काढायचा. एकावरच काढला तर टो-इन जमतो, पण स्टिअरिंग तिरकं बसतं.

या गाडीचे डिझायनर ॲलेक इसिगोनिस यांना ती १९४८ साली बाजारात येण्याच्या तोंडावर अरुंद वाटली. त्यांनी नमुना उभा मधोमध कापून ४ इंचांनी रुंद केला. बॉनेटवरची मधली पट्टी त्याचीच. असे ४ इंच बिनदिक्कत वाढवणाऱ्याच्या गाडीखाली मी पाऊण सुतासाठी लोळतो, याचं कधीकधी हसू येतं.

चेकनट आवळताना टाय-रॉडही सोबत जरासा फिरतो. तेव्हा आवळून झाल्यावर पुन्हा खडू, पुन्हा टेप.