अंगावरचं मूल

संतचरित्रांतल्या बायकांशी माझं फारसं जमत नाही. त्या जन्मतःच निर्भय असतात, आग त्यांना भाजत नाही, सिंह त्यांच्या पायाशी लोळण घेतात. अशीला नमस्कार करता येतो, तिच्या शेजारी बसवत नाही. व्हिबिया पर्पेतुआपाशी मात्र मी पुन्हा पुन्हा जाऊन बसते, कारण कोठडीत टाकल्यावर आपण घाबरलो हे तिने स्वतःच लिहून ठेवलंय.

ठिकाण उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, आजच्या ट्युनिस शहराला लागून. साल 203. गादीवर सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस, तोही याच किनाऱ्यावरच्या लेप्टिस मॅग्नाचा. पर्पेतुआ खानदानी घरातली, शिकलेली, लग्न झालेली. वय बावीसच्या आसपास, आणि अंगावर पिणारं मूल. ख्रिस्ती दीक्षेची तयारी चालू असतानाच तिला धरलं. नवऱ्याचा तिने एका अक्षराने उल्लेख केलेला नाही. अभ्यासकांनी त्यावरून तर्काचे इमले उठवलेत, आपण त्या वाटेला नको जायला. तिच्यासोबत पकडलेल्यांत फेलिसितास नावाची एक गुलाम बाई होती. तिला दिवस गेलेले.

तुरुंगात पर्पेतुआने लॅटिनमध्ये टिपणं लिहिली. ख्रिस्ती बाईने स्वतः लिहिलेला इतका जुना मजकूर फारच थोडा उरलाय. त्यात स्वप्नं आहेत, श्रद्धा आहे, पण पहिल्याच पानांत काय आहे? मिट्ट काळोख, कोंबलेल्या माणसांचा उकाडा, पैशांसाठी शिपायांची दांडगाई, आणि या सगळ्यावर वरताण म्हणजे बाळाची काळजी. मंडळीतल्या दोघा डीकननी लाच देऊन कैद्यांना काही तास बऱ्या जागी बसवलं. तिथे तिने भुकेने मलूल झालेल्या पोराला पाजलं. पुढे मूल जवळ ठेवायची परवानगी मिळाली आणि तोच तुरुंग तिला राजवाड्यासारखा वाटायला लागला. एका स्वप्नात ती शस्त्रं लटकवलेल्या कांस्याच्या शिडीवरून चढून जाते. वर बागेत मेंढ्यांची धार काढणारा एक पांढऱ्या केसांचा मेंढपाळ तिला दुधाचा घट्ट घास भरवतो. जागी होते तेव्हा जिभेवर गोडी रेंगाळत असते. पाजणारी बाई स्वर्ग पाहते तो असा.

आणि मग तिचा बाप. तो जुन्या देवांना मानणारा. चारदा येतो. रागावतो, गयावया करतो, लेकीचे हात चुंबतो, तिच्यापुढे लोळण घेतो. सुनावणीच्या दिवशी नातवाला घेऊनच उभा राहतो, या पोराकडे तरी बघ म्हणतो. अधिकारी हिलारियानुस त्याला खाली पाडून छडीने मारायला लावतो. तो मार आपल्यालाच बसल्यासारखं वाटलं, असं ती लिहिते. तरी सम्राटासाठी आहुती द्यायला नाहीच म्हणते. शिक्षा होते जनावरांपुढे टाकण्याची.

परत आल्यावर ती बाळाला आणायला माणूस पाठवते. बाप देत नाही. त्यानंतर, ती लिहिते, मुलाने दूध मागितलं नाही आणि तिचीही छाती दाटून आली नाही, दुखली नाही. ही तिला देवाची कृपा वाटली. तिचा सुटकेचा निःश्वास मला खरा वाटतो. पण त्या रात्री आजोबांच्या घरी काय चाललं असेल, हा प्रश्न मनातून जात नाही. या गोष्टीत बापाला खलनायक करणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही.

फेलिसितासने काही लिहिलेलं नाही. तिला आठवा महिना होता आणि गरोदर बाईला मारायला कायद्याची बंदी होती. भीती होती ती याची, की सोबती पुढे जातील आणि आपल्याला मागाहून परक्या गुन्हेगारांबरोबर मरावं लागेल. ती आधीच बाळंत झाली, मुलगी झाली. मंडळीतल्या एका बाईने ती वाढवली.

7 मार्च. सेव्हेरसचा धाकटा मुलगा गेटा याच्या वाढदिवसाचे खेळ. दोघींचे कपडे उतरवून, जाळ्यात गुंडाळून त्यांना आखाड्यात आणलं. एक कोवळी पोर, दुसरीच्या स्तनांतून दूध ठिबकतंय. माणसं फाडलेली बघायला आलेल्या त्या गर्दीला हे मात्र बघवेना. म्हणून दोघींना मागे नेऊन सैल अंगरखे घातले, आणि मग पिसाळलेली गाय सोडली.

हा शेवट दुसऱ्या कुणी लिहिलाय, नाव न सांगता. गायीने उडवून आपटल्यावर पर्पेतुआने आधी फाटका अंगरखा मांडीवर ओढला, मग पिन मागून केस सावरले, असं तो कौतुकाने सांगतो. मला ते वाचताना जरा खटकतं. आदल्या रात्रीच्या स्वप्नात तिनेच पाहिलेलं असतं, की आपले कपडे उतरवलेत, आपण पुरुष झालोय, अंगाला तेल चोळलंय, आणि एका धिप्पाड इजिप्शियन मल्लाला लोळवून त्याच्या डोक्यावर पाय ठेवलाय. तिथे तिला मांडी झाकायची आठवण होत नाही. पण पडलेल्या फेलिसितासला तिने हात देऊन उठवलं, हे मात्र मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून घेते. शेवटी नवख्या तलवारबाजाचा हात लटपटला, तेव्हा तो तिनेच आपल्या गळ्याशी नेला.

दोनशे वर्षांनी बिशप ऑगस्टिन या दिवशी आफ्रिकेत प्रवचनं देत होता, दोघींच्या नावांवर कोट्या करत होता. आणि त्यालाच एका ग्रंथात बजावून सांगावं लागलं, की हे पुस्तक म्हणजे पवित्र शास्त्र नव्हे. तसं मानणारे होते म्हणूनच ना!