ट्रकचा मिस्त्री बंदरात

लेलँडचं सहा सिलिंडरचं इंजिन मला पाठ होतं. हातखंब्याजवळच्या एका गॅरेजात महामार्गावरचे ट्रक दुरुस्त करत मी शिकलो. पुढे मिरकरवाडा बंदरात पहिल्यांदा ट्रॉलरच्या इंजिनखोलीत उतरलो, तेव्हा समोर तोच ब्लॉक, तोच डिझेल पंप, तीच हेडं पाहून मला हायसं वाटलं. हे हायसं वाटणंच पुढे महागात पडलं, मला थोडं आणि नाखव्यांना, म्हणजे बोटमालकांना, बरंच.

पहिला दणका काळ्या धुराने दिला. ट्रकच्या हिशेबात काळा धूर म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी. मी एअर फिल्टर बदलला, नोझल टेस्ट करून आणले, पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला. धूर जसाच्या तसा. मग पंपवाल्यानेच काम नीट केलं नाही असं ठरवून त्याच्याशी भांडलो आणि पंप पुन्हा उतरवला. बोटीवरचा भंडारी, म्हणजे जेवण करणारा खलाशी, भात उकडता उकडता हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "मिस्त्री, नवा पंखा बसवल्यापास्नं धूर मारतंय." पंखा, म्हणजे प्रॉपेलर, बदललाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. वेग वाढावा म्हणून नाखव्याने जास्त पीचचा पंखा घातला होता आणि इंजिनाला तो ओढवत नव्हता.

ट्रकला चढ लागला की ड्रायव्हर गिअर उतरवतो. घाट संपला की इंजिन श्वास घेतं. होडीला न संपणारा आंबा घाट असतो, तोही एकाच गिअरमध्ये. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या साधारण घनाने वाढते. म्हणजे फेरे दहा टक्क्यांनी कमी केले तर भार जवळजवळ 27 टक्क्यांनी उतरतो. उलटही तेवढंच खरं, आणि जड पंखा घातलेलं इंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही, मधेच घुसमटतं. आता धुराची तक्रार आली की मी पाना हातात घेण्याआधी फेरे मोजतो. न्यूट्रलमध्ये पूर्ण फेरे येतात आणि गिअर टाकल्यावर येत नाहीत, तर आधी पाण्याखाली बघायचं: पंख्यात जाळं गुरफटलंय का, तळाला कालवं चढलीत का, पंखा कधी बदलला. पंप त्यानंतर.

दुसरी चूक सांगायला अजून जड जाते.

समुद्राचं पाणी ओढणारा पंप एका बोटीच्या इंजिनावर टायमिंग केसला बसवलेला होता, गिअरवर फिरणारा. त्याच्या शाफ्टवर दोन सील असतात, एक पाण्याच्या बाजूला आणि एक ऑइलच्या. दोघांच्या मधे थोडी मोकळी जागा आणि तिला खालून एक बारीक भोक. त्या भोकातून पाण्याचे थेंब पडत होते. नाखवा म्हणाला, "गळतंय, बंद करा." ट्रकमध्ये असा पंप मी पाहिला नव्हता. मला ते भोक ओतकामातला दोष वाटलं. साफ पुसलं, एम-सील भरलं, वाळू दिलं. गळती थांबली. मी खूश, नाखवा खूश.

काही दिवसांनी बोट परत आली ती ऑइलचं ताक करून. डिपस्टिकवर चहात दूध घातल्यासारखा रंग. मी लगेच निदान केलं: हेड गॅसकेट. ऐन हंगामात हेडं उतरवली, सरफेस तपासून आणला, नवं गॅसकेट, नवं ऑइल. बोट बाहेर गेली आणि पुन्हा ताक.

बंदरातले एक वयस्क मिस्त्री, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, तिथून जात होते. त्यांनी इंजिन रात्रभर थंड पडून राहू दिलं आणि सकाळी ड्रेन प्लग अगदी हलकेच सैल केला. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून आधी तेच आलं. चाचांनी बोट लावून जिभेवर ठेवलं, थुंकले आणि म्हणाले, "खारं हाय." एवढ्यावर काम झालं. हेडमधून आणि ब्लॉकमधून फिरतं ते गोडं पाणी. ते कूलरमध्ये नळ्यांपलीकडच्या समुद्राच्या पाण्याला उष्णता देऊन परत येतं. गॅसकेट गेलं असतं तर ऑइलमध्ये गोडं पाणी आलं असतं. खारं पाणी फक्त समुद्राच्या बाजूने येऊ शकतं. चाचांनी पंपाखाली हात घातला, बोटाने चाचपलं आणि विचारलं, "हे कोणी बुजवलं?"

मी म्हणालो, "माहीत नाही, आधीचंच असेल."

ते भोक ठेवलेलंच यासाठी असतं की सील झिजली की बाहेर कळावं. पाणी टपकलं तर पाण्याची सील गेली, ऑइल टपकलं तर ऑइलची. दोन स्वस्तातल्या सीलांचं काम होतं. मी वाट बंद केल्यावर पाण्याने दुसरी सील ओलांडली आणि ते थेट ऑइलच्या संपमध्ये उतरलं. आम्ही ऑइल काढलं, पुन्हा भरलं, थोडा वेळ चालवून पुन्हा काढलं, असं पाणी दिसेनासं होईपर्यंत केलं. पण मीठ बेअरिंगपर्यंत पोचलं होतं आणि क्रँकच्या जर्नलवर डाग राहिले. नाखव्याला मी खरं सांगितलं ते पावसाळ्यात, इंजिन पूर्ण खोललं तेव्हा. हेडच्या कामाची मजुरी परत केली. गॅसकेटचे पैसे मात्र केले नाहीत.

तापमानाच्या बाबतीत गॅरेजातली एक जुनी खोड मी बंदरात आणली: इंजिन गरम होतंय, काढ थर्मोस्टॅट. एका बोटीचं काढलं. धक्क्यावर काटा खाली आला, जाळं ओढताना पुन्हा चढला. त्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढल्यावर बरंच पाणी कूलरकडे न जाता आतल्या आतच फिरू लागलं. मूळ आजार तर मीच आधी घडवला होता. समुद्राच्या पाण्याच्या पंपातल्या इंपेलरच्या रबरी पात्या तुटल्या होत्या म्हणून मी नवा इंपेलर टाकला, पण जुन्याच्या पात्या मोजल्या नाहीत. तुटलेले तुकडे पुढे जाऊन कूलरच्या तोंडाशी अडकून बसले होते.

डिझेलचा प्रश्न मला कळायला उशीर लागला, कारण मी तांडेलावर, म्हणजे बोट चालवणाऱ्यावर, विश्वास ठेवला नाही. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत अर्ध्या भरलेल्या टाकीत दमट हवेचं पाणी धरतं, तळाशी बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशी वाढते. काळा, बुळबुळीत गाळ. एका तांडेलाची बोट ऑगस्टमध्ये खाडीच्या तोंडाबाहेर गेली की बंद पडायची. धक्क्यावर मी तासभर चालवून दाखवलं, काही नाही. "तुम्ही नीट हाताळत नाही," असंही सुनावलं. धक्क्यावर गाळ तळाशी शांत असतो; बाहेर लाटांनी टाकी हलली की तो वर येतो आणि फिल्टर चोंदतो. मी फक्त फिल्टर बदलत राहिलो. शेवटी तांडेल मला जबरदस्तीने सोबत घेऊन गेला. ओकाऱ्या काढत फिल्टरच्या आधीची नळी सोडली, तेव्हा हातात काय आलं ते मी बघितलं. टाकी उघडून आतून धुतली.

याच प्रवासात एक चांगली सवय लागली. फिल्टरच्या पुढे थोडीशी पारदर्शक नळी तात्पुरती जोडायची. ओढण्याच्या बाजूला जोड सैल असेल तर डिझेल गळत नाही, उलट हवा आत घेतली जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं. नळीत बुडबुडे दिसले की तोंडी वाद मिटतो.

अलाइनमेंटचं काम मी अजूनही काळजीने घेतो. लाकडी बोट ओढून किनाऱ्यावर टेकूंवर उभी असताना मी एकदा इंजिन आणि शाफ्टची कपलिंग जुळवली, अगदी फिलर गेज लावून. माझ्या हिशेबाने काम चोख होतं. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगलं, टेकू निघाले, डिझेल, बर्फ आणि जाळी चढली, बोटीचा आकार बदलला. बोट थरथरू लागली आणि गिअरबॉक्सचं मागचं सील गेलं. मी ते सील बदललं, पुन्हा गेलं, पुन्हा बदललं.

आता कपलिंगचे बोल्ट मी बोट पाण्यात टाकल्यावर, टाकीत डिझेल भरल्यावर, एखादा दिवस जाऊ देऊनच शेवटचे आवळतो. वर, खाली, दोन्ही बाजूंना फट बघतो आणि शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा बघतो. सहा इंची फ्लँजला सहा थाउ म्हणजे 0.15 मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. नारळी पौर्णिमेच्या आसपास हा एक दिवस मागितला की नाखवे वैतागतात. बाकीच्या बोटी बाहेर पडलेल्या असतात आणि पहिल्या कोळंबीचा भाव चढा असतो. मी बोल्ट आवळत नाही. एकदोघांनी त्यामुळे दुसरा मिस्त्री धरला.