मुंबईच्या कोटांत एक दिवस

लोणावळ्याचे आम्ही लोक प्रवासी पाहण्यास सरावलेले आहों. शनिवार आला कीं मुंबईकर मंडळी घाट चढून येतात, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजतात, चिक्कीचे पुडे घेतात आणि रविवारीं परत जातात. यंदा दिवाळीच्या सुटींत आम्हीं हा क्रम उलटा केला व प्रवासी होऊन त्यांच्या पेढ्यांचा भाग पाहण्यास गेलों. समुद्र व राणीची बाग वाचकांनीं पाहिली असेलच. त्यांविषयीं लिहीत नाहीं.

आमच्याबरोबर मावळांतील एक वृद्ध शेतकरी होते. त्यांचें आजोळ मुळशीच्या पाण्याखालीं गेलेलें. मुलें त्यांस आजोबा म्हणत.

बोरीबंदरापासून पायींच निघालों. सेंट टॉमसचें मंदिर १७१८ सालीं उपासनेस खुलें झालें; चर्चगेट हें नांव त्याच्याच वाटेवरील वेशीवरून पडलें. पुढें टाउन हॉलच्या रुंद पायऱ्या व समोर वर्तुळाकार बाग. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील वडांच्या छायेंत मूठभर दलाल शेअरांचे सौदे करीत. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस अडला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचें मोल आलें. १८६३ सालीं आमच्या बोरघाटाचा लोहमार्ग खुला होऊन देशावरचा मालहि बंदरास वेगानें पोहोंचूं लागला. १८६५ त युद्ध संपतांच भाव कोसळले व कित्येक घराणीं धुळीस मिळालीं. त्या सट्ट्याचे अग्रणी प्रेमचंद रायचंद. त्यांच्याच देणगींतून उभा राहिलेला व त्यांच्या मातोश्रींचें नांव धारण करणारा राजाबाई मनोरा १८७८ पासून तास वाजवीत आहे.

दलालांची संस्था १८७५ त स्थापन झाली. दलाल स्ट्रीटवरील तिचा उंच मनोरा १९८० चा. आम्हांस वाटलें, आंत मोठा गलबला ऐकूं येईल. परंतु १९९५ पासून सौदे यंत्राच्या पडद्यावर होतात, त्यामुळें ओरडणारें कोणीच नाहीं. पहाऱ्यावरचे शिपाई, दारांतील कांशाचा बैल, एवढेंच दिसलें. आजोबांनीं विचारलें, “मास्तर, पैसा इथं येतो म्हणतां, मग पोतीं उतरवतात कुठं?”

बैल पाहून आम्हांस जर्मनींतील फ्रँकफुर्ट नगराचें स्मरण झालें. आमचे एक स्नेही तेथें जाऊन आले आहेत. तेथील शेअरबाजारापुढें बैलाबरोबर अस्वलहि उभें आहे; एक तेजीचें, दुसरें मंदीचें. मुंबईनें एकट्या बैलावर भागविलें आहे! परंतु स्नेह्यांनीं सांगितलेली दुसरी गोष्ट आम्हांस अधिक लागली. युरोपच्या मध्यवर्ती बँकेचे जुळे मनोरे मायन नदीकांठीं एका जुन्या भाजीबाजाराच्या इमारतीस जोडून बांधले आहेत. १९४१ ते १९४५ ह्या काळांत त्याच बाजाराच्या तळघरांत सुमारे १०,००० ज्यू नागरिकांस कोंडून तेथून आगगाड्यांनीं मृत्युमुखीं धाडण्यांत आलें. ती जागा झांकून टाकलेली नाहीं. स्मारक म्हणून राखली आहे. त्या अत्याचाराची बरोबरी येथें कशाशींहि नाहीं. तरी धनाच्या दारांत जुन्या हिशेबाचें पान उघडें ठेवण्याची ती रीत मनांत राहिली.

ती मनांत ठेवूनच आम्ही जवळच्या बॉम्बे हाउसपुढें आलों. टाटांची जलविद्युत् कंपनी १९१० त निघाली, तीहि बहुतांशीं हिंदी भांडवलावर. वळवण, लोणावळा व शिरवता येथें पाऊस अडवून तो नळांतून खोपोलीस खालीं सोडला आणि १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालूं लागल्या. पुढें मुळशीची पाळी आली. १९२१ सालीं सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला, बायकामुलेंहि धरणाच्या कामावर जाऊन बसलीं, बापटांस कारावास घडला, धरण झालेंच. विजेनें लाखोंच्या हातांस काम दिलें, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि भातखाचरें बुडालीं, तीं मुळशीकरांचींच.

आजोबांनीं त्या दगडी इमारतीकडे बराच वेळ पाहिलें व भागधारक म्हणजे कोण, तें विचारलें. ज्यानें पैसा दिला त्यास नफ्यांतून वर्षोवर्ष वांटा मिळतो, आणि ज्याची जमीन घेतली त्यास मोबदला एकदांच, असें आम्हीं समजाविलें.

“म्हणजे जमीन देणाराला भाग द्यायचा राहिला म्हणायचं,” आजोबा म्हणाले.

गाडीची वेळ होत आली होती. आम्ही स्थानकाकडे वळलों.